अस्वलाची डावी बाजू

“कसर लागली मॅडम, दुसरं काही न्हाई,” संग्रहालयाचे अध्यक्ष म्हणाले आणि मोबाईल कानाला लावून बाहेर गेले.

मी अस्वलासमोर गुडघे टेकून बसले होते. मागच्या पायांवर उभं केलेलं, पुढचे पंजे उचललेलं मोठं अस्वल. त्याची उजवी बाजू भिंतीला लागलेली. डाव्या बाजूला कमरेपासून खांद्यापर्यंत केस जवळजवळ नव्हतेच. खांद्याच्या वर मात्र भरगच्च होते. कसर म्हणजे लोकरीचे कपडे खाते ती अळी. ती वेडेवाकडे केस कुरतडते, आपली टरफलं मागे ठेवते, आणि तिला उंचीची अडचण नसते. इथे एकही टरफल नव्हतं. केसांची टोकं सरळ कापलेली होती आणि तीही माणसाचा हात आरामात पोचतो तेवढ्याच उंचीपर्यंत. कात्री वापरणारी कसर मी इतक्या वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती.

माझी नोकरी म्हणजे संग्रहालयांतले मेलेले प्राणी टिकवणं. आमच्या भाषेत कॉन्झर्व्हेटर. पेंढा भरलेले वाघ, बाटलीतले साप, टाचणीने टोचलेली फुलपाखरं यांना बुरशी लागू नये, किडे लागू नयेत, रंग उडू नये हे मी पाहते. आता रिटायर झाले आहे. छत्रपती संभाजीनगरला राहते आणि कोणी बोलावलं तर जाते. जालना जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावाने बोलावलं म्हणून गेले. गावाचं नाव सांगत नाही. गाव चांगलं आहे, त्याच्यावर राग नाही.

राग आहे तो संग्रहालय चालवणाऱ्यांवर. निजामाच्या काळात इथे एक शिकारी वृत्तीचा अधिकारी होता. त्याने जमवलेले प्राणी, दगड, पक्ष्यांची अंडी असा सगळा पसारा त्याने जाताना गावाला दिला. जुन्या कचेरीच्या दगडी इमारतीत तो मांडला. इतका चांगला संग्रह मोठ्या शहरांनाही मिळत नाही. आणि त्याची अवस्था काय? मगरीला शाळेच्या ड्रॉइंग सरांनी हिरवा ऑइलपेंट मारला होता. लांडग्याच्या जिभेला नेलपॉलिश. सापांच्या बाटल्यांतलं औषध उडून गेलं म्हणून त्यात फिनेल ओतलं होतं, त्यामुळे सगळे साप दुधात भिजवल्यासारखे दिसत होते. शहागडकडे गोदावरीच्या पात्रात सापडलेली, दगड झालेली हत्तीची दाढ होती. लाखो वर्षांपूर्वीच्या हत्तीची. तिच्यावर “राक्षसाचा दात” अशी चिठ्ठी होती आणि ती दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावली होती.

मला हे सगळं सुधारायला बोलावलं नव्हतं. पुढच्या रविवारी नूतनीकरणाचं उद्घाटन होतं. नूतनीकरण म्हणजे नवीन टाइल्स आणि बाहेर सेल्फी पॉइंट. मुंबईहून बडे पाहुणे येणार होते. त्यांचा फोटो अस्वलाबरोबर काढायचा होता. म्हणून अस्वल “जरा बघण्यालायक” करायचं, एवढंच माझं काम.

अध्यक्ष भास्करराव जालना शहरात बियाण्याचे व्यापारी. मूळचे याच गावचे. घराण्याकडे अध्यक्षपद आजोबांपासून चालत आलेलं. माणूस तोंडाने गोड. बोलताना समोरच्याचं ऐकतोय असं वाटतं आणि शेवटी कळतं की एक शब्द आत गेलेला नाही.

मी हँड लेन्स काढली. हँड लेन्स म्हणजे खिशात मावणारं भिंग. अस्वलाच्या मागच्या मांडीपाशी तळहाताएवढा एक तुकडा वेगळा दिसला. तिथले केस अस्वलाचे नव्हते. कधीतरी कोणी डागडुजी करताना तिथे बकरीचे काळे केस सरसाने चिकटवले होते. मुळाशी सरसाचे वाळके खडे स्पष्ट दिसत होते. बाकीचं सगळं अस्वल अस्सल होतं. मी ते मनात नोंदवलं आणि पुढच्या कामाला लागले.

पुढचं काम महत्त्वाचं. जुन्या काळी प्राण्यात पेंढा भरण्याआधी कातडं सोलून त्याला आतून आर्सेनिकचा साबण चोळायचे. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. विष असल्यामुळे किडे कातड्याला तोंड लावत नाहीत. पण काही दशकांनी तो सोमल कातड्यातून बाहेर येतो आणि केसांच्या मुळाशी पांढऱ्या भुकटीसारखा बसतो. म्हणून अशा प्राण्याला आम्ही मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय हात लावत नाही. तपासायला साधं किट मिळतं. कापसाचा बोळा केसांवर फिरवायचा, छोट्या बाटलीत पाणी आणि पावडर घालून त्यात टाकायचा, वर कागदाची पट्टी लावायची. पट्टी पांढरी राहिली तर ठीक. पिवळी झाली तर सावध. माझी पट्टी बघता बघता चॉकलेटी झाली.

तेवढ्यात शिपाई रामकिसन आत आला. त्याच्यामागे एक म्हातारी आणि कडेवर पोर घेतलेली तिची सून. रामकिसनने मगरीच्या मागे हात घालून दोरीला बांधलेली कात्री काढली. मला तिथे बघून तो जरासुद्धा दचकला नाही.

“जरा बाजूला सरता का मॅडम? या लोकाईला केस द्यायचेत.”

“कशाला?”

“पोरगं दचकून राह्यलंय. अस्वलाचा केस बांधला की भेव जातं. शनवारी, सकाळी, उपाशी पोटी आलेल्यालाच देतो मी. माझा हातगुण हाये.”

मग सगळा उलगडा झाला. पूर्वी अस्वल घेऊन फिरणारे लोक गावोगाव यायचे. लेकरू झोपेत दचकत असेल तर त्यांच्याकडून अस्वलाचा केस घ्यायचा आणि ताईतात घालून गळ्यात बांधायचा. पुढे कायद्याने अस्वल खेळवणं बंद झालं. लेकरांचं दचकणं काही बंद झालं नाही. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं की आपल्या गावात एक अस्वल आहे, ते कुठे पळून जात नाही आणि चावतही नाही. रामकिसन त्याचा पुजारी झाला. बायका त्याला बाबा म्हणायच्या, आणि त्याला ते फार आवडायचं. किती घरांत केस गेले असं मी विचारलं तर म्हणाला, “आता काय सांगावं मॅडम. पार टेंभुर्णीपसून लोक येतेत.”

मी सुनेकडे वळले. वर्षा तिचं नाव. पोर दीड वर्षाचं. त्याच्या गळ्यात काळ्या कापडाची शिवलेली पुडी होती आणि ती पुडी त्याच्या तोंडात होती. चोखून चोखून कापड ओलं झालेलं.

“यात केस आहेत?”

“हो. मागच्या पुनवेच्या शनवारी नेल्ते,” वर्षा म्हणाली. “आता जुने झाले म्हणून ताजे न्यायला आलो.”

“बाळाची तब्येत कशी आहे?”

तिने सासूकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “उलट्या करून राह्यला. पातळ बी व्हतंय. अंगात काही राह्यलंच न्हाई त्याच्या.”

“दात येऊन राह्यलेत,” म्हातारी म्हणाली. “तू कशाला डॉक्टरीन व्हतीस?”

त्या पोराच्या उलट्या सोमलानेच होत्या असं मी त्या क्षणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. पण चॉकलेटी पट्टी माझ्या हातात होती आणि पुडी त्याच्या तोंडात. मी म्हणाले, “आजी, ती पुडी आधी काढा. त्या केसांत विष आहे. सोमल.”

मला वाटलं विष हा शब्द पुरेसा आहे. विषारी वस्तू तोंडातून काढायला आणखी काय समजवायचं असतं? आजींनी मला खालून वर पाहिलं.

“सोमल व्हय? आमच्याकडचे वैद्य सोमल औषधात द्यायचे माय. जहर हाये म्हणून तर गुण येतो.”

“बराबर,” रामकिसन म्हणाला. “कडक माल हाये.”

मी पट्टी दाखवली. पट्टी किती रंगीत झाली याचं दोघांना कौतुकच वाटलं. मी वर्षाला म्हणाले, तू काढ. तिचा हात पुडीपर्यंत गेला. “शनवारी बांधलेलं, नवं बांधल्याबिगर सोडायचं न्हाई,” सासू म्हणाली, आणि हात मागे आला. पोराने पुडी पुन्हा तोंडात धरली. मी पुढे होऊन ती ओढून काढावी असं फार वाटलं. पण दुसऱ्याच्या लेकराच्या गळ्याला झोंबणारी बाई म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं असतं, पोर पुडीसकट घरी गेलं असतं आणि मला त्याचा पत्ताही लागला नसता.

म्हणून मी अध्यक्षांना हाक मारली. त्यांचा शब्द गावात चालतो. त्यांनी एकदा म्हटलं असतं की पुडी काढा, तर म्हातारी निमूट ऐकती. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकलं.

“तुमचं बिलकुल बराबर हाये मॅडम. पण लोकांची श्रद्धा हाये.”

“श्रद्धा नाही, आर्सेनिक आहे. लेकराच्या तोंडात आहे ते.”

“मंग तुम्ही रिपोर्ट द्या ना. कमिटी बसंल त्याच्यावर.”

“कधी बसेल?”

“कार्यक्रम झाला की जल्दीच.”

“तोपर्यंत ते पोर चोखत राहील.”

“इतक्या वर्षांपसून लोक केस नेऊन राह्यलेत. कोणी मेलं का?”

“कोणी मोजलं का?”

ते हसले. पाठीवर थोपटावं तसा त्यांचा आवाज झाला. “हे पहा मॅडम, पुढच्या रविवारी पाहुणे येऊन राह्यले. आज आपण हॉलमधी विष विष करत बसलो अन् एखाद्या पेपरवाल्याला कळलं, तर सगळा खर्चा वाया जाईल. तुम्ही फक्त बाजू भरून द्या. केस कमी पडत असतील तर आणू ना कुठूनबी.”

म्हणजे एका पोराच्या जिवापेक्षा त्यांना अस्वलाच्या फोटोची काळजी जास्त. असल्या माणसाच्या हाती संग्रहालय कसं देतात, असा प्रश्न मला आता पडत नाही. असल्याच माणसांच्या हाती देतात, हे मी नोकरीभर पाहिलं आहे. संग्रहालयात कोणाला रस नसतो, म्हणून ते मिरवायचा रस असलेल्यांना मिळतं.

इकडे रामकिसन कात्री घेऊन अस्वलाला भिडला होता. मांडीजवळ वाकून चांगला झुबका शोधत होता. माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं शांतपणे समजावून सांगायचं ट्रेनिंग घेतलेली बाई मी, आणि मी ओरडले.

“कशाला कापता हो? अस्वलाचे तरी आहेत का ते? बकरीचे केस आहेत बकरीचे! सरसानं चिकटवलेले!”

रामकिसनची कात्री थांबली आणि सगळे माझ्याकडे वळले. विष म्हटल्यावर असं झालं नव्हतं.

“काय म्हणून राह्यल्या मॅडम?” अध्यक्षांचा चेहरा पडला.

मी हातमोजा घातलाच होता. मांडीवरच्या त्या तुकड्यातून एक झुबका उपटला आणि मुळाशी चिकटलेला सरस म्हातारीला दाखवला. दुरून बघा, हात लावू नका, असंही बजावलं. तिने डोळे बारीक केले, वाकून पाहिलं. तिच्या घरची माणसं मेंढ्याबकऱ्या राखणारी. आता शेती असली तरी दावणीला बकऱ्या होत्याच.

“बकरीचाच हाये,” ती म्हणाली. “माझा जलम गेला बकऱ्यांमागं. हे मला कोण शिकवणार?”

मग ती रामकिसनकडे वळली. “का रे भाड्या, उपाशी पोटी बोलावून बकरीचे केस देऊन राह्यला व्हय? अन् आम्ही बाबा बाबा करून राह्यलो तुला!”

“आजी, मला काय म्हाईत... मॅडम, सगळेच्या सगळे बकरीचे?”

खरं तर तो तळहाताएवढा तुकडाच बकरीचा होता आणि पोराच्या पुडीतले केस अस्सल अस्वलाचेच असणार, कारण मांडीला तोवर कात्री लागलेलीच नव्हती. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी गप्प बसले आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

वर्षा म्हणाली, “आत्याबाई, बकऱ्या तर आपल्या घरीच हायेत.”

म्हातारीने एका हिसक्यात पोराच्या गळ्यातला दोरा तोडला आणि पुडी जमिनीवर फेकली. शनिवार नाही, नवं बांधणं नाही, काही आठवलं नाही. मी पुडी हातमोज्याने उचलून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केली. वर्षाला बाहेरच्या नळावर नेलं. पोराचं तोंड आणि हात धुतले, कपडे बदलायला लावले आणि म्हटलं, चला, माझी गाडी आहे, जालन्याला लेकरांच्या डॉक्टरकडे जाऊ.

“दाताला कशाला डॉक्टर?” म्हातारी म्हणाली.

“आत्याबाई, तुम्ही ऱ्हा इथंच, त्या बाबाचं बघा. मी जाते,” वर्षा म्हणाली आणि पोर घेऊन गाडीत बसली. म्हातारीला तो बेत पसंत पडला असावा. गाडी फाटकाबाहेर निघाली तरी तिचा आवाज येत होता.

अध्यक्ष गाडीपर्यंत धावत आले. “मॅडम, आमच्या अस्वलाचं काम?”

“अस्वल थांबेल,” मी म्हणाले.

डॉक्टर शहाणा होता. मी किटची पट्टी आणि पुडीची पिशवी समोर ठेवली तेव्हा त्याने वाद घातला नाही. पोराला दाखल करून सलाइन लावलं आणि लघवी तपासायला पाठवली. रिपोर्ट आला तेव्हा त्यात आर्सेनिक होतं. वेळेत थांबलं म्हणून निभावलं, असं तो म्हणाला. पोराच्या उलट्या थांबल्या. महिनाभराने वर्षाने फोटो पाठवला. पोराने बाळसं धरलं होतं आणि त्याच्या गळ्यात काहीच नव्हतं. अजून दचकतं का, असं मी विचारलं. दचकतं, म्हणाली, पण घेतलं की झोपतं.

मी कमिटीला सविस्तर रिपोर्ट पाठवला. डॉक्टरांच्या तपासणीची प्रत जोडली. हॉल बंद ठेवा, सगळे प्राणी तपासून घ्या, अस्वलाला काचेत ठेवा, केस नेलेल्या घरांपर्यंत निरोप पोचवा. अस्वलाशेजारी लावायला मोठ्या अक्षरांतला बोर्डही करून पाठवला: विषारी, हात लावू नये. उद्घाटनाच्या फोटोंत तो बोर्ड मला दिसला. त्याच्यापुढे झेंडूच्या कुंड्या मांडल्या होत्या. पाहुण्यांनी अस्वलाच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला आणि दुसऱ्या फोटोत त्याच हाताने पेढा खाल्ला.

केस नेलेल्या घरांना कमिटीने निरोप दिला नाही. त्याची गरजही पडली नाही. म्हातारी आठवडी बाजारात गेली होती. तिथे तिने बसल्या जागेवरून जे सांगितलं ते माझा रिपोर्ट कमिटीच्या टेबलावर पोचायच्या आधी टेंभुर्णीला पोचलं. ज्याने त्याने लेकरांच्या गळ्यातले ताईत तोडून फेकले. काही जणांनी ते रामकिसनच्या अंगणात आणून फेकले. वर्षाने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं की ते ताईत फडक्यात उचलून खोल पुरायला सांग, जाळायचे नाहीत. तेवढं तिने केलं.

शनिवारी संग्रहालयात कोणी येईनासं झालं. रामकिसनची कात्री गंजली असेल. त्याला बाबा म्हणणारंही कोणी उरलं नाही. आता तो खुर्चीवर बसून पेपर वाचतो, जे त्याचं मूळ काम होतं.

मग एके दिवशी अध्यक्षांचा फोन आला. आवाजातला गोडवा गेला होता.

“मॅडम, तुम्ही आमची पार इज्जत घालवली. लोक म्हणून राह्यलेत संग्रहालयात बकरी उभी केली. शाळेच्या सहली यायच्या बंद झाल्या. तुम्ही एक सर्टिफिकेट द्या. अस्वल असली हाये म्हणून. तुमची सही, शिक्का. आम्ही फ्रेम करून लावतो.”

“देते की,” मी म्हणाले. “अस्वल अस्सलच आहे. फक्त मांडीवर बकरीचं ठिगळ आहे. पण सर्टिफिकेटवर दोन ओळी असतील. पहिली, अस्वल खरं आहे. दुसरी, त्याच्या कातड्यात विष आहे. दोन्ही ओळी एकाच कागदावर, एकाच मापाच्या अक्षरांत.”

“दुसरी कशाला? पहिलीच द्या ना.”

“पहिली एकटी दिली तर शनिवारपासून लोक पुन्हा उपाशी पोटी येतील.”

ते म्हणाले, “मंग राहू द्या.”

त्यामुळे त्या गावात एक अस्सल अस्वल आजही बकरी म्हणून उभं आहे. शहाणीसुरती माणसं त्याच्याजवळ फिरकत नाहीत. माझ्या खात्यातले काही विद्वान मला विचारतात, एवढ्या दुर्मिळ नमुन्याबद्दल अशी खोटी बातमी पसरू दिलीत, तुम्हाला काही वाटलं नाही? मी त्यांना सांगते की विषाचा बोर्ड लावला तेव्हा लोकांनी त्याच्यापुढे कुंड्या ठेवल्या. आपल्याकडे माणूस विष पचवायला तयार असतो. फसवलं गेलेलं मात्र त्याला पचत नाही.

मी आता ट्रेनिंगला गेले की मुलांना आर्सेनिकची पट्टी कशी वापरायची ते शिकवते. ते शिकवून झालं की सांगते, पट्टी चॉकलेटी झाली तर आधी लेकराच्या तोंडातली पुडी निघते कशी ते बघा. रिपोर्ट नंतर लिहा.